कॅमेऱ्यात पट्टे आणि मुंग्या: नवीन कॅमेरे घ्यायच्या आधी कुणीतरी सांगा

गोदाकाठी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी घर आणि मागचं शेड मिळून चार कॅमेरे बसवलेत. दोन मेगापिक्सलचे, तारेवरचे साधे एचडी. डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) पुढच्या खोलीत टीव्हीखाली. शेडात सोयाबीनची पोती पडून आहेत, भाव येईल तेव्हा येईल, तोवर राखण तर पाहिजे.

आता तक्रार ऐका.

कॅमेरा १ (फाटक) झकास. कॅमेरा २ (अंगण) दिवसा बरा, रात्री सगळं पांढरं धुकं. कॅमेरा ३ (पत्र्याचं शेड, तिथंच गोठा) याच्यात काळपट आडवे पट्टे खालून वर सरकत राहतात. कधी फिके असतात, कधी इतके गडद की पोतं कुठलं आणि माणूस कुठला कळंना. सकाळी आणि दिवस मावळताना जास्त. कॅमेरा ४ (बोअरजवळ) दिवसा ठीक, अंधार पडला की मुंग्या, मग 'व्हिडिओ लॉस', मग परत चित्र. रात्रभर हाच खेळ.

ज्यांनी बसवले ते म्हणायलेत ३ आणि ४ दोन्ही कॅमेरे गेले, नवीन टाका. दोन्ही एकदम कसे जातील? वॉरंटीचं विचारल्यापासून फोन उचलंनात. काय करावं?

तारतंत्री_लातूर
थांबा, काही विकत घेऊ नका. तुमच्याकडं एक नाही, तीन वेगवेगळी दुखणी आहेत. तिन्हीला एकच औषध शोधलं की माणूस दमतो आणि शेवटी दुकानदाराचं ऐकतो.

आधी हे सांगा: वायर थ्री प्लस वन (तीन बारीक तारा आणि एक व्हिडिओची, एकाच वेष्टणात) आहे का? बारा व्होल्ट कुठून दिलेत, घरातल्या एकाच एसएमपीएसमधून (घरच्या विजेचे बारा व्होल्ट करणारा डबा) की जागोजागी अडॅप्टर लावलेत? प्रत्येक कॅमेरा किती लांब? डीव्हीआरला टीव्ही, राउटर, आणखी काय काय जोडलंय?

तोवर एक फुकटचं काम करा. डीव्हीआरच्या मागे ३ ची बीएनसी (व्हिडिओच्या तारेची गोल पिन) काढून १ च्या जागी लावा आणि १ ची ३ च्या. पट्टे तारेसोबत पहिल्या चौकोनात गेले तर डीव्हीआर निर्दोष. तिसऱ्या चौकोनातच राहिले तर डीव्हीआरचं पोर्ट गेलंय.

पुणेकर_मूळचा_जिंतूरचा
हे जुनं तंत्रज्ञान आहे हो. सगळं काढून आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे टाका, लॅन केबलवरच वीज जाते, पट्ट्यांची भानगडच नाही. आमच्या सोसायटीत तेच केलं.

गोदाकाठी (धागाकर्ता)
@तारतंत्री_लातूर वायर थ्री प्लस वनच. एसएमपीएस एकच, चार कॅमेऱ्यांचा लोखंडी डबा, बारा व्होल्ट पाच अँपिअर, डीव्हीआरशेजारी भिंतीवर. ३ नंबर तीसेक मीटरवर, ४ नंबर ऐंशीच्या आसपास. डीव्हीआरला टीव्ही एचडीएमआयनं, आणि राउटर. टीव्हीला डिश आहे.

अदलाबदल करून बघितली. पट्टे तारेसोबत पहिल्या चौकोनात आले.

@पुणेकर सोयाबीन विकलं की बघू आयपीचं :)

तारतंत्री_लातूर
म्हणजे डीव्हीआर सुटला. @पुणेकर, तुमचं अर्धं खरं आहे. लॅनच्या पोर्टात दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे जमिनीच्या फरकाचे पट्टे आयपीत उमटत नाहीत. पण वीज खाली गेली, जोड ओला झाला की तिथं चित्र गोठतं, चौकोनी ठोकळे दिसतात. शिवाय त्या केबलची मर्यादा शंभर मीटर. चालू तारा उपटून नव्या टाकण्याआधी दुखणं कुठलं हे तर कळू द्या.

फळा_आणि_खडू
मी शाळेत विज्ञान शिकवतो, सेलू. धागाकर्ते, एक बारीक गोष्ट बघा. ३ नंबरच्या चित्रावर एका वेळी जाड पट्टे किती दिसतात? दोन की चार?

गोदाकाठी (धागाकर्ता)
सर, दोन. मोबाइलवर चित्र थांबवून बघितलं. दोन जाड काळे पट्टे, मधे उजेड.

फळा_आणि_खडू
छान. आपल्याकडचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं काढतो आणि आपली वीज ५० हर्ट्‌झची. म्हणजे एक चित्र होईस्तोवर विजेची दोन आवर्तनं होतात, म्हणून दोन पट्टे. विजेची लय नेमकी ५० वर कधीच स्थिर नसते, थोडी मागेपुढे होते, म्हणून पट्टे सरकतात. ती नेमकी बसली असती तर एका जागी उभे राहिले असते.

चार पट्टे असते तर मी एसएमपीएसकडे बोट दाखवलं असतं. त्यातला कपॅसिटर थकला की १०० हर्ट्‌झची लहर बारा व्होल्टमधे उतरते. तुमच्या दोन पट्ट्यांचा अर्थ बहुतेक असा, की ५० हर्ट्‌झ थेट व्हिडिओच्या तारेत शिरतोय. आता कुठून, ते तारतंत्री सांगतील.

नांदेडचा_किराणा
माझ्या दुकानात तीन-चार पट्टे होते, पण कारण भलतंच. कुणीतरी मेन्यूत पालऐवजी एनटीएससी केलेलं. ६० हर्ट्‌झची सेटिंग आणि आपल्या ट्यूबलाइटा ५० च्या विजेवर. परत पाल केलं, अँटी-फ्लिकर ५० वर ठेवलं, गेले. ओळखायची खूण सोपी, लाइट बंद केली की पट्टे गायब.

गोदाकाठी (धागाकर्ता)
आमच्या शेडात दिवसा बल्ब नसतोच, तरी पट्टे असतात. सेटिंग पालच आहे.

तारतंत्री_लातूर
मग ग्राउंड लूप. कॅमेरा ३ कशावर बसवलाय, लाकडावर, भिंतीवर की लोखंडी अँगलवर? कॅमेऱ्याची बॉडी धातूची की प्लास्टिकची?

गोदाकाठी (धागाकर्ता)
धातूचा बुलेट, थेट शेडच्या अँगलला ड्रिल मारून स्क्रूनं आवळलाय. बीएनसीचा जोडही तिथंच अँगलवर पडलेला असतो, नुसती टेप गुंडाळलीय, तीही उन्हानं सुटलीय.

तारतंत्री_लातूर
सापडला असं म्हणायला हरकत नाही, पण सिद्ध करू.

शेडचं लोखंड जमिनीत गाडलेलं आहे, म्हणजे त्याला तिथली जमीन मिळालीय. घरात डीव्हीआरलाही कुठूनतरी जमीन मिळते: एसएमपीएसच्या थ्री पिनमधून, टीव्हीच्या डिशमधून. या दोन जमिनी सारख्या नसतात, त्यांच्यात थोडे व्होल्ट असतातच. व्हिडिओच्या तारेची बाहेरची जाळी या दोघींना जोडते आणि तिच्यातून विजेचा प्रवाह घरंगळत राहतो. तोच तुमच्या चित्रात मिसळतो.

दोन गोष्टी करून बघा.

डीव्हीआरची एचडीएमआय काढा आणि चित्र मोबाइलवर बघा. पट्टे फिके झाले तर टीव्ही-डिशकडची वाट खरी.

मग कॅमेऱ्याचे स्क्रू सोडा, सुतळीनं बांबूला लटकवा, बॉडी आणि बीएनसी कुठल्याच लोखंडाला लागू देऊ नका. तारा सगळ्या जोडलेल्याच राहू द्या. आणि पायात चप्पल ठेवा, कृपया.

कडबाकुट्टी_भाऊ
एवढं कशाला? शेडात एखादी मशीन असेल तर तिची आर्थिंगची तार काढून टाका, लूप तुटला, विषय संपला. आम्ही तसंच केलं होतं.

निवृत्त_लाइनमन
@कडबाकुट्टी_भाऊ, तुमची आर्थिंगची तार आजच परत जोडा. चेष्टा नाही. खांबावर आयुष्य काढलंय, अंबाजोगाईच्या बाजूला, आणि अशी कापलेली तार पंचनाम्यात बघितलीय. पट्टे घालवायला जीव धोक्यात घालायचा नाही. तोडायचं ते कॅमेऱ्याचं लोखंडाशी नातं, मशिनचं जमिनीशी नाही.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. सकाळी आणि मावळतीला पट्टे गडद होतात म्हणालात. त्या वेळी शेडात काय चालतं?

गोदाकाठी (धागाकर्ता)
कडबा कुट्टी. दोन एचपीची मोटर, सिंगल फेज. वैरण त्याच वेळी कापतो आम्ही. तुम्ही विचारल्यावर आत्ता लक्षात यायलंय.

निवृत्त_लाइनमन
तेच वाटलं. आता कॅमेरा जरा बाजूला ठेवू. मल्टिमीटर आहे का घरात, किंवा गावातल्या वायरमनकडं?

गोदाकाठी (धागाकर्ता)
पुतण्याकडं आहे, मोबाइल दुरुस्तीचा. आज दोन्ही प्रयोग केले, ते आधी सांगतो.

एचडीएमआय काढली, पट्टे फिके झाले पण गेले नाहीत. मग कॅमेरा सोडून सुतळीनं लटकवला. मंडळी, चित्र आरशासारखं स्वच्छ! पुतण्या खाली उभा राहून मोबाइल बघायलाय, मी वर शिडीवर. कॅमेऱ्याची कड अँगलला टेकवली की तो ओरडायचा 'आले', उचलली की 'गेले'. पाहुण्याची पोरं जमली तमाशा बघायला.

आणखी एक. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी काढून कॅमेऱ्याला लावून बघितली, तेव्हा तो अँगलवरच होता. पट्टे कमी व्हायचे सोडून आणखी गडद झाले. पुतण्या म्हणतो म्हणजे कॅमेराच खराब. मला पटंना.

तारतंत्री_लातूर
पुतण्याला सांगा, चुकीचं अनुमान पण प्रयोग फार चांगला. एसएमपीएस जोडलेला होता तेव्हा तो भटका प्रवाह जाळी आणि बारा व्होल्टची काळी तार या दोघींतून वाटून जात होता. तुम्ही बॅटरी लावली, काळी तार सुटली, मग सगळा भार एकट्या जाळीवर आला. म्हणून गडद. वीजपुरवठा दोषी असता तर बॅटरीवर पट्टे गेले असते. कॅमेरा ठणठणीत आहे.

ती बॅटरी ठेवा, ४ नंबरला लागणार आहे.

आता मीटर. डीव्हीआरमागची ३ ची बीएनसी काढा. ३ ची बारा व्होल्टची तारही एसएमपीएसमधून सोडा. हे विसरू नका, नाहीतर ती बाकीच्या कॅमेऱ्यांमधून आडवाटेनं डीव्हीआरला जोडलेलीच राहते आणि मीटर खोटं शून्य दाखवतो. कॅमेरा परत अँगलवर. मीटर एसी २०० वर. एक टोक सुटलेल्या बीएनसीच्या बाहेरच्या कडीला, दुसरं डीव्हीआरच्या पोर्टच्या कडीला. आधी मशीन बंद ठेवून, मग चालू करून. टोकं प्लास्टिकलाच धरायची.

निवृत्त_लाइनमन
तीसच्या वर आकडा दिसला तर तिथंच थांबा, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आणि एक विचारायचं राहिलं. जनावरं गोठ्यात नीट जातात का? गव्हाणीच्या पाइपला तोंड लावतात का?

हळदवाला_वसमत
विषय चाललाच आहे तर आमचा अनुभव टाकतो. माझ्या बोअरच्या कॅमेऱ्यात मुंग्या यायच्या त्या फक्त ऊन असताना. आभाळ आलं की कमी, संध्याकाळी साफ. सोलर पंपाचा कंट्रोलर. तो पॅनलची डीसी वीज तुकडे तुकडे करून मोटरला देतो आणि मोटरची केबल लांब असली की ती केबलच अँटेना होऊन बसते. कॅमेऱ्याची वायर त्या केबलसोबत एकाच पाइपातून नेलेली. वेगळ्या पाइपातून दोन हात अंतरावर नेली, जिथं आडवी जाते तिथं काटकोनात ओलांडली. आता काही नाही.

ताई_उदगीरच्या
फेराइटचा मणी लावून बघा की, ऑनलाइन मिळतो, तारेवर चाप लावायचा.

फळा_आणि_खडू
ताई, हळदवाल्यांच्या सोलरवाल्या मुंग्यांना मण्याचा थोडा उपयोग झाला असता, कारण तो खरखरा उच्च वारंवारतेचा. ५० हर्ट्‌झला मणी दिसतही नाही, तो सरळ पलीकडं जातो. ग्राउंड लूपसाठी वेगळा आयसोलेटर मिळतो, पण घेताना तो एचडी सिग्नलचा आहे ना बघावं. जुन्या साध्या कॅमेऱ्यांसाठीचा लावला तर पट्टे जातात आणि सोबत चित्रही जातं. त्यापेक्षा कॅमेरा लोखंडापासून अलग करणं स्वस्त आणि कायमचं.

गोदाकाठी (धागाकर्ता)
आकडे:
मशीन बंद: ३.१ व्होल्ट
मशीन चालू: १८ ते २२, हलत राहतो

आणि लाइनमन काका, तुम्हाला कसं कळलं? आमची म्हैस महिनाभर झाला गव्हाणीकडं जायला बघंना. दोरीनं ओढावं लागतं. तोंड पुढं करते आणि झटकन मागं. आई म्हणायली नजर लागली, लिंबू-मिरची बांधलीय तिनं शेडाला. डॉक्टरनं तोंड, दात सगळं बघितलं, काही निघालं नाही. गव्हाणीची कड लोखंडी पाइपची, त्याच अँगलला वेल्ड केलेली.

निवृत्त_लाइनमन
नजर नाही, लिकेज आहे. मशीन बंद करा, आत्ता. म्हैस दुसऱ्या जागी बांधा. वायरमन येईपर्यंत शेडाचं लोखंड, मशीन, पत्रा, कशालाही ओला हात लावायचा नाही, पोरांना तिकडं फिरकू द्यायचं नाही.

मशीन चालू केली की आकडा सहा-सात पटीनं चढतो याचा अर्थ मोटर किंवा तिची तार कुठंतरी लोखंडावर वीज सोडतेय. माणसाच्या पायात चप्पल असते, आपल्याला चुणचुण वाटते किंवा तेवढीही नाही. जनावर चारही पायांनी ओल्या जमिनीवर उभं, त्याला आपल्यापेक्षा कितीतरी कमी व्होल्टला झटका बसतो. ती म्हैस तुम्हाला महिनाभर सांगायली होती.

शेडाला आर्थिंग आहे का? खड्डा कुठं आहे, शेवटचं पाणी कधी टाकलं?

गोदाकाठी (धागाकर्ता)
मशीन बंद केली, म्हैस बाभळीखाली. आर्थिंग आहे, बोअरच्या बाजूला पाइप गाडलाय. पाणी... काका, मे महिन्यात प्यायला टँकर होता, आर्थिंगला कोण पाणी घालतंय.

निवृत्त_लाइनमन
सगळीकडं हेच. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पाइपाभोवतीची माती सुकली, सुटली, की आर्थिंग नावालाच. अंघोळीचं, भांड्याचं पाणी चालतं त्या खड्ड्याला, टँकरचं कशाला लागतंय. मीठ-कोळसा जुना झाला असेल तर तोही बदला.

आणि घरातल्या थ्री पिनच्या मोठ्या भोकात तार खरंच आलीय का तेही बघून घ्या. गावात निम्म्या घरी ते भोक शोभेचं असतं. काही शहाणे तिथं न्यूट्रलच जोडून देतात. तसं असेल तर तेही काढायचं.

पुणेकर_मूळचा_जिंतूरचा
बाप रे. मी आयपी टाका म्हणालो होतो. टाकले असते तर पट्टे दिसलेच नसते आणि लिकेज तसंच राहिलं असतं. वाचतोय.

गोदाकाठी (धागाकर्ता)
वायरमन येऊन गेला. मेन बंद करून कुट्टीची तार सगळी बघितली. मशीनच्या पायाचा लोखंडी फाळका आणि खालचा दगड यांच्यात तार चेपलेली. मशीन थरथरून थरथरून वरचं प्लास्टिक फाटलं होतं, तांबं उघडं, काळं पडलेलं, त्यावर भुसा आणि ओल. एवढ्याशा जागेत. फोटो टाकणार होतो पण वायरमननं तो तुकडा कापून खिशात घातला, दुसऱ्यांना दाखवायला म्हणे.

नवीन तार पाइपातून घेतली. मोटर मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) चांगली निघाली. आर्थिंगला पाणी घातलं. आता मशीन चालू असताना ३.४ व्होल्ट.

कॅमेरा परत अँगलवर लावून बघितला. पट्टे आहेत पण फिके, सकाळ-संध्याकाळ सारखेच.

तारतंत्री_लातूर
उरलेले फिके पट्टे म्हणजे नेहमीचा दोन जमिनींमधला फरक. आता पीव्हीसीचा चार बाय चारचा बॉक्स घ्या. बॉक्स अँगलला लावा, कॅमेरा बॉक्सच्या झाकणाला. बीएनसी आणि डीसी पिन दोन्ही आत. पाणी खालून निघायला एक बारीक भोक ठेवा, तार बॉक्सात खालूनच घ्या, वळण देऊन, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत येत नाही.

स्क्रू आखूड घ्या. झाकणाचा स्क्रू लांब असला की मागं अँगलला जाऊन टेकतो, आणि एवढा बॉक्स लावून पट्टे परत तिथंच.

बीएनसी लावायच्या आधी तारेचं टोक ब्लेडनं सोलून जाळी बघा. लालसर चमकती असेल तर ठीक. काळी-हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय, चमकतं तांबं लागेपर्यंत मागं कापत या. आणि जाळीला चुंबक लावा. चिकटला तर तुम्हाला तांब्याच्या नावाखाली लोखंड विकलंय.

निवृत्त_लाइनमन
बॉक्सचा आणखी एक फायदा. रोहिणीच्या वादळात जवळपास वीज पडली की लोखंडावरचा दणका जाळीतून सरळ डीव्हीआरच्या पोर्टात जातो. बॉक्स लावला म्हणून वीज अडत नाही, थेट पडली तर काहीच अडत नाही, पण लांबच्या दणक्यांत डीव्हीआर वाचायची शक्यता वाढते. कडकडाट सुरू झाला की ३ आणि ४ च्या बीएनसी काढून ठेवलेल्या बऱ्या.

गोदाकाठी (धागाकर्ता)
बॉक्स लावला. ३ नंबर साफ. पोत्यावरचा शिक्का वाचता येतोय. चुंबक चिकटला नाही.

म्हैस पहिले दोन दिवस लांबूनच बघायची, आता गव्हाणीत तोंड घालून खाते. आईनं लिंबू-मिरची तशीच ठेवलीय, दोन्ही उपाय लागू पडले म्हणते. आता ४ नंबर.

तारतंत्री_लातूर
आईंचं बरोबर, असू द्या :)

४ साठी हिशोब करू. रात्री अंधार झाला की कॅमेऱ्याचे आयआर (डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे) दिवे लागतात आणि तो दुपटीनं करंट ओढतो. अशा कॅमेऱ्याला रात्री साधारण ०.४ अँपिअर धरा. थ्री प्लस वनमधली वीज नेणारी तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची जरी धरली, तरी तांब्याला मीटरमागे सुमारे ०.०३६ ओहम. ऐंशी मीटर जायला, ऐंशी यायला, म्हणजे ५.८ ओहम. गुणिले ०.४. सव्वादोन-अडीच व्होल्ट वाटेतच गेले, कॅमेऱ्याला पावणेदहाच्या आत. आणि बाजारातली बरीच वायर अर्ध्यापेक्षा बारीक, त्यात तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, त्याचा विरोध दीडपटीहून जास्त. कॅमेरा दम सोडतो, बंद होतो, दिवे विझतात, व्होल्टेज चढतं, परत सुरू होतो. तुमचा रात्रभरचा खेळ तो हाच.

सिद्ध करायला आता फवारणीची बॅटरी. भरलेली असली की साडेबारा-पावणेतेरा दाखवते, कॅमेऱ्याला चालतं. एक रात्र कॅमेऱ्याजवळ ठेवून बघा, घरची वीज सोडून, व्हिडिओ तेवढा जोडलेला. चार्जर मात्र लावून ठेवू नका, चार्ज होताना व्होल्टेज चौदाच्या वर जातं.

गोदाकाठी (धागाकर्ता)
रात्रभर एकदाही बंद पडला नाही. घरच्या विजेवर कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा १०.९, रात्री दिवे लागल्यावर ८.८ पर्यंत येतो.

बोअरच्या स्टार्टरच्या पेटीतच अडॅप्टर लावला तर? तिथं वीज आहेच.

कडबाकुट्टी_भाऊ
किंवा एसएमपीएसचा स्क्रू फिरवून चौदा व्होल्ट करा. (आर्थिंग जोडली बरं का काका.)

निवृत्त_लाइनमन
जोडली ना, शाब्बास.

स्टार्टरच्या पेटीतली लाइट शेतीच्या फीडरची. ती आली की कॅमेरा चालू, गेली की बंद, आणि चोराला तुमच्या फीडरचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा पाठ असतं.

तारतंत्री_लातूर
स्क्रू फिरवला की चारही कॅमेऱ्यांचं वाढतं. फाटकावरचा १ नंबर जवळ आहे, त्याला पुरे चौदा मिळतील आणि तो जाईल. थोडंसं, साडेबारापर्यंत ठीक, पण त्यानं तुमचं भागत नाही.

सरळ उपाय: दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन तारांची वेगळी लाइन ऐंशी मीटर ओढा, फक्त बारा व्होल्टसाठी. मीटरला ०.०१२ ओहम, येऊन-जाऊन दोन ओहमच्या आत, रात्रीही पाऊण व्होल्टच्या आसपास पडेल. सव्वाअकरा मिळतात, पुरे. व्हिडिओ जुन्याच तारेतून. एवढी तार नको असेल तर घरून चोवीस व्होल्ट पाठवून कॅमेऱ्याजवळ ते बारावर आणणारं छोटं बक मॉड्यूल लावता येतं, पण पावसात ते सांभाळणं आलं.

मोटरच्या केबलपासून लांब न्या, हळदवाल्यांनी सांगितलंच आहे.

नांदेडचा_किराणा
माझं एक सांगा. लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की चित्रात केसासारख्या बारीक उभ्या-आडव्या रेघा. लाइट आली की नाही.

तारतंत्री_लातूर
इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्याच्या विजेला टोकं असतात, ती एसएमपीएसच्या फिल्टरला पुरी गाळता येत नाहीत. प्युअर साइनवर हे होत नाही. किंवा कॅमेऱ्यांसाठी बारा व्होल्टचा वेगळा डीसी यूपीएस घ्या, इन्व्हर्टरची गरजच नाही.

ताई_उदगीरच्या
अंगणातल्या कॅमेरा २ चं कुणी बोललंच नाही. पांढरं धुकं ना? काचेपुढं कोळ्याचं जाळं बघा. आयआरच्या उजेडात जवळचा एक धागा सगळं चित्र पांढरं करतो. आमच्याकडं सोयाबीन काढणीच्या दिवसांत दिव्यावर किडे, किड्यांवर कोळी, दर आठवड्याला कुंचा फिरवावा लागतो. जाळं नसेल तर काच पुसा मऊ कापडानं, धूळ असते.

गोदाकाठी (धागाकर्ता)
ताई, जाळंच होतं, बोटभर जाड. कुंचा मारला, साफ. तुमच्या सांगण्यावरून अंगणातला बल्ब कॅमेऱ्यापासून लांब कोपऱ्यात नेलाय, किडे तिकडं जातात.

४ ला नवीन तार ओढली, तुरीच्या कडेनं पाइपातून. रात्री ११.२ व्होल्ट. चालू आहे.

लाइनमन काका, तुम्ही फोनवर वायरमनला सांगितलेलं तीस मिलिअँपिअरचं ईएलसीबीही (लिकेज झालं की वीज तोडणारं स्विच) शेडाला बसवलं. आज सकाळी पडलं. उचललं की परत पडतं. कुट्टी बंदच आहे, तरी पडतंय. वायरमन म्हणतो काढून टाकू का?

निवृत्त_लाइनमन
अजिबात नाही. शेडातलं एक एक स्विच बंद करून उचलून बघा, कुठल्यावर पडतं ते सांगा.

गोदाकाठी (धागाकर्ता)
गोठ्यातल्या बल्बचा होल्डर. काल रात्रीच्या पावसाचं पाणी पत्र्याच्या भोकातून थेट त्यात गळायलंय.

निवृत्त_लाइनमन
होल्डर बदला, जागा बदला, पत्र्याचं भोक बुजवा. ईएलसीबी तसंच राहू द्या.